काचेतल्या बाईचा शालू

मुंबईतल्या त्या झगमगत्या रस्त्यावर दरवानसुद्धा नवरदेवासारखे सजलेले. भाचीच्या लग्नाचा शालू बघायला द्वारकामावशी तिथल्या एका बड्या दुकानात शिरली, सोबत भाची मृण्मयी. मॅनेजरनं आधी दोघींच्या चपला पाहिल्या.

"हा शालू जरा उलगडून दाखवा की," मावशी म्हणाली.

"आमच्याकडे जी घेते, तिच्यासाठीच घडी मोडतात," तो नाक मुरडून म्हणाला.

मृण्मयी शरमून दाराकडे वळली. मावशीनं तिचा हात धरला आणि काचेत तसाच शालू नेसून उभ्या असलेल्या पुतळ्याकडे बोट दाखवलं.

"मग त्या बाईंनी घेतला वाटतं? घडी तर मोडलीय!"

मॅनेजरला हसू आवरेना. "बसा मावशी," म्हणत त्यानं स्वतःच शालू उलगडला.

मावशीनं तो भाचीच्या खांद्यावर टाकला, डोळे भरून पाहिलं आणि पुतळ्याला म्हणाली, "रुसू नकोस गं. तुझं लग्न ठरलं की आम्हालाही बोलाव!"