पानावरची पांढरी पूड

एका राज्यात वज्रसेन नावाचा राजा होता. शूर होता, दानी होता, पण संशयी इतका, की आरशातल्या आपल्याच चेहऱ्याकडे दोनदा निरखून पाहायचा. त्याची एकुलती एक लेक हेमांगी. एका चेटकिणीनं तिला झोपवलं आणि तिचा श्वास बागेतल्या एका झाडात बांधला. "झाडाला फूल येईल, तेव्हा मुलगी उठेल. शेवटचं पान गेलं, की मुलगीही गेली," असं सांगून ती निघून गेली.

झालं! राजानं झाडाभोवती पहारा बसवला. पहाटे पाहतो तो काय, पानापानावर पांढरी पूड!

"विष!" राजा गरजला.

येसू माळी हात जोडून म्हणाला, "महाराज, ती झाडाचीच आहे."

"बरं पाठ केलंयस!" म्हणत राजानं त्याला अंधारकोठडीत टाकलं. पुढं रोज सकाळी राजा स्वतः ओल्या रेशमी फडक्यानं एकेक पान घासून पुसू लागला. पानं कशी लख्ख झाली. आणि मग अळ्या पडल्या. पानांची चाळण झाली, हेमांगीचा श्वास मंदावला. राजानं पहारेकरी बदलले, वैद्य बदलला, सख्ख्या मेहुण्याला वेशीबाहेर काढलं. अळ्या काही हटेनात. सातच पानं उरली.

तेव्हा कुंपणावर एक भारद्वाज येऊन बसला.

"राजा, एक अळी डबीत घे. तळ्यातल्या, कड्यावरच्या आणि वाळवंटातल्या झाडावर ती सोडून बघ. तोवर इथल्या अळ्या मी वेचतो."

"तुला कोणी पाठवलं?"

"भुकेनं," पक्षी म्हणाला.

राजाला ते पटलं नाही. पण लेकीसाठी जीव तुटत होता, आणि दुसऱ्या कोणाला पाठवायचं तर विश्वास कोणावर? "मी येईपर्यंत झाडाला कोणी हात लावायचा नाही," असं बजावून तो एकटाच निघाला.

तळं सात कोसांचं. मगरीनं त्याला पाठीवर घेतलं. तो वाटभर तलवार उपसून बसला. तळ्यातल्या बेटावरच्या झाडाच्या पानांवर तशाच पांढऱ्या पुडीचा मेणासारखा थर होता. अळी चढायला गेली नि घसरून पडली. पुन्हा चढली, पुन्हा पडली.

कड्यावर राक्षसिणीनं हात पुढं केला. राजानं तो नाकारला आणि दोन्ही गुडघे सोलून घेतले. तिथल्या पानांवर दाट लव होती. अळीचं तोंड पानापर्यंत पोचेचना.

वाळवंटातल्या पानावर केसाकेसाच्या टोकाला चिकाचा थेंब. अळी तिथं पाय टाकते तोच चिकटून बसली.

राजाला तळ्यातलं बेट आठवलं. त्या बेटावर माणसाचं पाऊल कधी पडलं नव्हतं. मग तिथल्या पानांवर पूड कोणी टाकली? ज्याला विष म्हणालो, ते त्या झाडाचं चिलखत होतं. आणि आपल्या झाडाचं चिलखत रोज सकाळी आपणच उतरवत होतो! अरे देवा, लेकीच्या जिवावर उठलेला मीच!

तो धापा टाकत परतला. झाडाला नवी पालवी फुटली होती आणि तिच्यावर पांढरी पूड होती. सवयीनं हात फडक्याकडे गेला. राजानं फडकं विहिरीत भिरकावलं, कोठडीपाशी धावला, स्वतः कडी काढली.

"येसू, चुकलो रे. आता काय करू?"

"काही करू नका, महाराज," माळी म्हणाला. "तेवढंच करायचं आहे."

किती अवघड काम ते! राजा तीन दिवस झाडासमोर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिला. उरलेल्या अळ्या चढल्या, घसरल्या, मातीत पडल्या, भारद्वाजानं टिपल्या. चौथ्या दिवशी फूल उमललं आणि महालात हेमांगीनं डोळे उघडले.

राजानं तिच्या गालाकडे हात नेला आणि अर्ध्यातच थांबवला. त्या हाताची त्यालाच भीती वाटली.

"बाबा, असं काय करता?" हेमांगी म्हणाली आणि तिनं तो हात ओढून आपल्या गालावर ठेवला. राजा ढसाढसा रडला.

शाप सुटला, राज्याचा घोर मिटला, कथा सांगून झाली. ऐकणाऱ्यांचं भलं होवो.