उंबऱ्यावरचा वास

"बाबा, दारूच्या कारखान्यात आपलं काय काम?"

आमच्या मठाचे आडकूबाबा म्हणाले, "बघायला जायचं. तिथं तिकीट काढून दाखवतात म्हणे."

मला ते पटलं नव्हतं. आमच्या मठाचा नियमच तसा. दारू प्यालेल्यानं उंबरा ओलांडायचा नाही. भजनाच्या आधी दारात उभं राहून एकेकाच्या तोंडाचा वास घ्यायचा, हे काम माझं. बारा वर्षं केलं. माझं नाक चुकत नाही, असं लोक म्हणायचे. मलाही ते ऐकायला बरं वाटायचं.

कारखान्यात मी उपरणं नाकाला लावूनच शिरलो.

माहिती सांगायला एक मुलगी होती, शर्वरी नावाची. तिनं भिजवलेले जव दाखवले, तांब्याची मोठाली भांडी दाखवली. मग लाकडी पिंपांच्या कोठारात नेलं. आत अंधार आणि गारवा. वास असा, की उपरणं असून नसल्यासारखं.

ती म्हणाली, पिंपात व्हिस्की वर्षानुवर्षं मुरते, आणि दरसाल थोडी हवेत उडून जाते. तिला देवदूतांचा वाटा म्हणतात.

बाबा हसले. "मग पोरी, त्या देवदूतांना दारात कुणी अडवतं का?"

ती हसली. मी हसलो नाही.

कोठाराच्या टोकाला एक माणूस लाकडी हातोडीनं पिंपं ठोकून बघत होता. मुलगी सांगू लागली, हे आमचे धोंडूकाका. नुसत्या आवाजावरून गळकं पिंप ओळखतात. नऊ वर्षं झाली इथं, पण थेंब जिभेला लावलेला नाही. सगळे त्यांना एकादशीवाले म्हणतात.

धोंडू माझा थोरला भाऊ.

पूर्वी प्यायचा. प्यायचा म्हणून मीच त्याला घराबाहेर काढलं. पुढं कुठं राबतो, काय खातो, मी विचारलं नाही. मागल्या साली आई गेली. तिच्या तेराव्याला मठात भजन होतं. धोंडू आला, धुतलेला सदरा घालून. दारात मी वास घेतला आणि चाळीस माणसांदेखत सांगितलं, मागं फिर.

तो काही न बोलता फिरला होता.

आता त्यानं मला बघितलं. हातोडी थांबली…

माझ्या हातातून उपरणं सुटलं. मी पुढं झालो. त्याच्या सदऱ्याला तोच वास येत होता, तेराव्याला आला होता तोच. त्याच्या तोंडाला मात्र कात-चुन्याचा वास होता.

"दादा, त्या दिवशी बोलला का नाहीस?"

धोंडूनं पिंपावरून हात फिरवला. कुठं ओल आहे का, ते बघत असावा.

"तू वास घेतलास, भिवा. विचारलं काहीच नाहीस."

मग तो पुढच्या पिंपाकडं गेला. त्याचं काम राहिलं होतं.

शेवटी मुलीनं सगळ्यांना चाखायला इवलेसे पेले दिले. मी माझा न चाखताच परत ठेवला. बाबांनीही घेतला नाही.

परतीच्या एसटीत आमच्या शेजारची बाई उठून पुढं जाऊन बसली. का, ते मला कळलं. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. धोंडू तिथं आहे हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं का, मी कधी विचारलं नाही.

मठाशी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. भजनाला माणसं जमलेली. रोजच्यासारखी मला दारात जागा करून दिली.

बाबा पायरीखालीच थांबले.

"घे वास."

मी वाकलो. बाबांच्या दाढीला येत होता, धोतराला येत होता. माझ्या उपरण्याला तर जास्तच…

चाळीस माणसं बघत होती.

बाबांनी काढलेल्या वहाणा परत पायात घातल्या.

"आज आपल्याला आत जाता यायचं नाही, भिवा. धोंडूचं घर किती लांब आहे रे?"