मचूळ पाण्याचे आचारी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राजाचं नाव विचाराल तर मला सांगता येणार नाही. त्याने राज्याच्या हमरस्त्यावर एक अन्नछत्र घातलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणीही तिथे बसावं, पोटभर जेवावं आणि पुढे चालू लागावं.

या अन्नछत्राचा मुख्य आचारी खाडीकाठच्या एका गावचा होता. हाताखाली माणसं हवी होती, तेव्हा त्याने ती आपल्याच गावची आणली. कुणी भाचा, कुणी मेव्हणा, कुणी शेजारी. त्या गावच्या सगळ्या विहिरींचं पाणी मचूळ. जन्मापासून खारट पाणी प्यालेल्या या माणसांच्या जिभेला बेताचं मीठ कळतच नसे. ते रांधत ते खारट होई, आणि त्यांना स्वतःला ते फार आवडे.

स्वयंपाकघरात एक रीत होती. आमटी उतरवली की मुख्य आचारी पळीतला थेंब तळहातावर घेई, चाटे आणि म्हणे, "झकास जमलंय." मग बाकीचे ओळीने चाटत आणि ओळीने म्हणत, "झकास." एवढं झाल्यावाचून पंगत बसत नसे. चवीची इतकी काळजी दुसरीकडे कुठे घेत नसतील, असं आचाऱ्याला मनापासून वाटे.

पंगतीतली माणसं मात्र चार घास खात, तांब्याभर पाणी पीत आणि पान तसंच टाकून उठत. फुकटच्या अन्नाला नावं कशी ठेवायची, म्हणून बोलत कुणीच नसे. आचारी म्हणे, "हल्ली लोकांना भूकच लागत नाही."

हे राजाच्या कानावर गेलं. रस्त्याने सगळ्या मुलखांतली माणसं जातात, तर स्वयंपाकघरातही सगळ्या मुलखांतली माणसं हवीत, असा हुकूम त्याने काढला. राजा शहाणा होता, पण स्वयंपाकघरात तो कधी शिरला नव्हता.

हुकमाप्रमाणे नवी माणसं आली. नदीकाठचा एक पोक्त गृहस्थ आला, रानातले दोघे भाऊ आले आणि डोंगरातली एक बाई आली. बाईच्या नवऱ्याची दृष्टी गेली होती. संध्याकाळी ती अन्नछत्रातून जेवणाचा डबा नेई, त्यावर दोघांचं भागे.

पहिल्याच दिवशी नदीकाठच्या गृहस्थाने थेंब चाटला आणि म्हणाला, "मीठ लई झालंय. थोडं पाणी घालून सारखं करू या का?"

सगळे आचाऱ्याकडे बघू लागले. आचारी चिडला नाही. गोड आवाजात म्हणाला, "तुमची जीभ अजून रुळली नाही. रुळेपर्यंत तुम्ही लाकडं फोडा."

तो बिचारा लाकडं फोडत राहिला. शेवटी कंटाळला आणि निघून गेला. उरलेल्यांनी हे पाहिलं. मग तेही ओळीने चाटू लागले आणि ओळीने "झकास" म्हणू लागले. डोंगरातल्या बाईचा "झकास" तर आचाऱ्याच्या पाठोपाठ, बाकी सगळ्यांच्या आधी येई. आचारी पाहुण्यांना अभिमानाने सांगे, "आमच्याकडे सगळ्या मुलखांची माणसं आहेत, आणि सगळ्यांचं एकमत आहे."

पानं तशीच उरत राहिली. राजाने निरोप धाडला, "पुढच्या पौर्णिमेला मी स्वतः पंगतीला बसेन. पानं अशीच उरली तर अन्नछत्र बंद, आणि तुम्ही सगळे आपापल्या घरी."

आचाऱ्याची झोप उडाली. त्याने गूळ वाढवला, तूप वाढवलं, जिऱ्याची फोडणी बदलून पाहिली. मिठाला काही त्याने हात लावला नाही. डोंगरातली बाई हे सगळं बघत होती. बोलावं तर आपली रवानगी लाकडं फोडायला आणि तिथून घरी, न बोलावं तर अन्नछत्रच बंद. दोन्हीकडून डबा रिकामाच राहणार होता. ती गप्प राहिली, आणि मी तिला दोष देत नाही.

तेवढ्यात आचाऱ्याची मुलगी आजारी पडल्याचं कळलं. तिला डोंगरात दिलं होतं. आचारी धावत गेला. तिथे पहिल्या जेवणाला त्याला सगळंच अळणी लागलं. हिच्या सासरी मिठाचा दुष्काळ आहे की काय, असं मनात म्हणत तो प्रत्येक घासाला मीठ मागून घेई. झऱ्याचं गोडं पाणी पिता पिता हळूहळू त्याचं मीठ मागणं कमी झालं. मुलगी हिंडू-फिरू लागली तोवर ते थांबलंही होतं.

पौर्णिमेच्या तोंडावर तो परतला. आमटी उतरली होती. त्याने थेंब चाटला आणि थुंकून टाकला.

"ही कुणी बिघडवली?"

"तुम्ही शिकवलीत तशीच केलीय, मामा," भाचा म्हणाला. "झकास आहे." पाठोपाठ सगळी ओळ म्हणाली, "झकास."

आचारी डोंगरातल्या बाईकडे वळला. "तुझ्या मुलखातलं पाणी पिऊन आलोय. खरं सांग गो."

"खारट हाय," ती म्हणाली. "मी आले त्या दिवसापास्नं खारट हाय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी आधी झकास म्हनता, मग आमच्याकडं बघता. त्यात इचारलं कुठं? आन् ज्यानं सांगितलं त्याला तुमी लाकडं फोडाया धाडलं."

 आचाऱ्याला मनस्वी लाज वाटली. त्याने तिथल्या तिथे रीत बदलली. आता सगळ्यांत नव्या माणसाने आधी चव घ्यायची, मनात येईल ते सांगायचं, आणि मुख्य आचाऱ्याने सर्वांत शेवटी तोंड उघडायचं. मीठ कमी झालं, आणि ज्याला जास्त हवं त्याच्यासाठी पानात चिमूटभर वेगळं वाढलं जाऊ लागलं.

पौर्णिमेला राजा पंगतीला बसला. सगळी पानं चाटूनपुसून स्वच्छ झाली. अन्नछत्र टिकलं, आणि डोंगरातल्या बाईचा डबाही टिकला.

मग आचारी नदीकाठी गेला. तो गृहस्थ धक्क्यावरच्या एका खानावळीत रांधत होता. त्याने आचाऱ्याला बसवलं, जेवू घातलं.

"परत चला," आचारी म्हणाला. "तुमचं बरोबर होतं. मीठ कमी केलंय."

"चांगलं केलंत," गृहस्थ म्हणाला. "पर म्या येनार न्हाई. मीठ जास्त हुतं म्हनून म्या गेलो नव्हतो."

आचारी एकटाच परत आला. जेवढा काळ त्याने अन्नछत्र सांभाळलं, तेवढा काळ तो माणूस त्याला कमी पडला.

तात्पर्य: निरनिराळी माणसं कामावर घेतली एवढ्याने भागत नाही, वेगळं बोललं तरी आपली जागा जाणार नाही याची त्यांना खात्री वाटावी लागते.