शम्मा आणि पांढरी सांडणी

सरका जवळ, पाय पांघरुणात घ्या. लांब तिकडे अरबस्तानच्या वाळवंटात एक होती शम्मा. वाळवंट केवढं? महिनाभर चाललं तरी वाळू संपत नाही, एवढं.

तिथं दोन टोळ्या राहायच्या. एकीच्या उंटांवर कडीचा डाग, दुसरीच्या उंटांवर दोन रेघांचा. आपल्या डागाचा माणूस चुकला तरी त्याचीच बाजू घ्यायची, अशी तिथली रीत. शम्मा जन्मली कडीवाल्यांत. मग एकदा तह झाला, तेव्हा तिला रेघवाल्यांत दिली.

मग काय झालं, म्हातारा अमीर वारला. अमीर म्हणजे तिथला राजा, बरं का. त्याला मूलबाळ नव्हतं. कडीवाले म्हणाले, नवा अमीर आमचा. रेघवाले म्हणाले, आमचा. न्यायी कोण, शहाणा कोण, हे कुणी विचारलंच नाही. तलवारी निघाल्या.

शम्मा आधी वडिलांकडे गेली. ते कडीवाल्यांचे म्होरके. "बाबा, लढू नका." ते म्हणाले, "पोरी, तू आता त्यांची." मग ती सासऱ्यांकडे गेली. ते रेघवाल्यांचे म्होरके. "मामंजी, थांबा." ते म्हणाले, "सूनबाई, रक्त तुझं तिकडचंच." मग गेली नवऱ्याकडे. सालिम त्याचं नाव, भला माणूस. तो खाली बघत म्हणाला, "मी गेलो नाही, तर मी कुणाचाच राहणार नाही." नि तोही तलवार बांधून गेला.

शम्माजवळ उरली एक सांडणी. सांडणी म्हणजे उंटीण, दुधासारखी पांढरी, वडिलांनी लग्नात दिलेली. माहेरीही तिला पिल्लं झाली, सासरीही झाली. शम्मा तिच्यावर बसली, नि गेली थेट दोन फौजांच्या मधोमध.

सकाळचं ऊन. इकडे हजार उंट, तिकडे हजार. नगारे वाजले, उंट सुटले, जमीन हादरायला लागली. शम्मा जागची हलली नाही. मग सांडणीनं गुडघे टेकले, मान उंच केली नि हाक दिली. पिल्लू हरवलं की आई देते ना, तशी.

आणि काय सांगू! तिची पिल्लं होती ती धावता धावता थांबली नि खाली बसली. मग पिल्लांची पिल्लं बसली. मग ज्यांचं काही नातं नव्हतं, तेही बसले. दोन हजार उंट, बरं का! सगळे तिच्याकडे तोंड करून. इतकं शांत झालं, की वाळू सरकलेली ऐकू यायला लागली.

मग वडील उंटावरून उतरले. शम्मा म्हणाली, "बाबा, आज कुणीही मेलं असतं तरी माझंच माणूस मेलं असतं." त्यांनी भाला वाळूवर ठेवला. मग सासऱ्यांनी ठेवला. मग सगळ्यांनी.

तीन दिवस सगळे तिथंच बसून बोलले. दोन दिवस नुसते वाद. तिसऱ्या दिवशी शम्माचे वडील उठले नि त्यांनी अमीर म्हणून नाव घेतलं ते एका रेघवाल्याचं. म्हणाले, "हा न्यायी आहे, मला ठाऊक आहे." असं तिथं कधी कुणी केलं नव्हतं. मग तोच अमीर झाला.

टोळ्या टोळ्याच राहिल्या, बरं का. भांडणंही व्हायची. पण माणसं बसून बोलायची. शम्मा सालिमबरोबर घरी गेली, पोटभर जेवली नि सुखानं नांदली. चला, मिटा आता डोळे.