दुसरी हाक

फार पूर्वी, सूर्य सगळ्यांच्या आधी उगवतो त्या बेटांच्या देशात, एका डोंगराच्या पायथ्याशी कोळसा पाडणाऱ्यांचं एक गाव होतं. उन्हाळाभर लोक रानात मातीच्या भट्ट्या लावत आणि हिवाळ्यात बर्फाने वाटा बुजल्या की दारं लावून घरात बसत.

त्या रानात तानुकी राहायचे. तानुकी म्हणजे दिसायला थोडा कुत्रा, थोडा कोल्हा, डोळ्यांभोवती काजळ विस्कटल्यासारखे काळे पट्टे आणि पोट कायम सुटलेलं. देवाने त्याला घडवताना फारसं लक्ष दिलं नव्हतं. म्हणूनच की काय, दुसऱ्याचं रूप घेण्याची विद्या मात्र सढळ हाताने दिली होती. डोक्यावर एक पान ठेवायचं, एक कोलांटी मारायची, की झाला तानुकी हवा तो. कधी वाटेवरचा दगडी दिवा, कधी भिक्षा मागणारा साधू, कधी कोणाची तरी सासू. एका जावयाने तर सासूबाई आल्या म्हणून सकाळपासून त्यांची सेवा केली, त्यांना पक्वान्नं खाऊ घातली, आणि पाय चेपता चेपता त्याच्या हाताला शेपटी लागली. पुढे कितीतरी दिवस गाव हसत होतं आणि तो बिचारा तोंड लपवून फिरत होता.

हसू आलं तरी दारं सांभाळावीच लागत. त्यासाठी गावाने एक रीत पाडली होती. तानुकी कोणाचाही आवाज हुबेहूब काढतो, पण हाक एकदाच मारू शकतो. पहिली हाक उसनी आणता येते, दुसरी आपल्या पोटातून यावी लागते, असं जुनी माणसं सांगत. म्हणून येणाऱ्याने दाराशी उभं राहून दोनदा हाक मारायची आणि आतल्याने दुसरी हाक ऐकल्याशिवाय अडसर काढायचा नाही. बाहेर नवरा असो की गावचा मुखिया, सगळ्यांना नियम एकच.

गावाची आणखीही एक रीत होती. डोंगरात कोणी हरवलं, तर खिंडीच्या तोंडाशी रोज जाळ करायचा. आज या घराची पाळी, उद्या त्या घराची. माणूस सापडेपर्यंत किंवा बर्फ वितळेपर्यंत तो जाळ विझू द्यायचा नाही, म्हणजे वाट चुकलेल्याला गाव कुठे आहे ते दिसतं.

या गावात एक विधवा म्हातारी राहत होती. तिला एकच मुलगा, तोकुजी. तोकुजी कष्टाळू होता, पण तोंडाचा फटकळ. आई अनवाणी अंगणात गेली की ओरडायचा, ओलं सरपण चुलीत घातलं की ओरडायचा. तिच्याशी दोन शब्द गोड बोलायचे म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. त्याच्या मनात माया नव्हती असं नाही, पण ती बाहेर येताना तिचा ओरडा होऊन यायची.

पानगळीच्या दिवसांत तो खिंडीपलीकडच्या बाजाराला कोळसा घेऊन निघाला. आभाळ भरलेलं होतं. म्हातारी नको जाऊ म्हणाली, तो नेहमीसारखा खेकसला आणि कावड खांद्यावर टाकून चालू लागला. त्याच दिवशी खिंडीत दरड कोसळली. गावकऱ्यांनी शोध शोध शोधलं. त्यांना मोडलेली कावड सापडली, माणूस सापडला नाही. मग खिंडीच्या तोंडाशी जाळ सुरू झाला.

म्हातारी रोज तिथे जाऊन बसायची. काटक्या टाकायची, धुराने डोळे चोळायची आणि अंधारायच्या आत परत यायची. घर तिला खायला उठायचं. एकटीसाठी भात शिजवायचा, तोही अर्धा उरायचा. आपल्यावर ओरडणारं कोणी नाही, याचंच तिला रडू यायचं.

पहिलं बर्फ पडलं त्या दिवशी दार वाजलं आणि बाहेरून हाक आली, "आई!"

आवाज तोकुजीचा होता. म्हातारी धडपडत दाराशी गेली, अडसरावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाकेसाठी थांबली. ती थांबली, थांबली. बर्फ छपरावरून घसरल्याचा आवाज आला. बाहेर कोणीतरी पाय बदलून उभं राहिलं. दुसरी हाक आली नाही.

बाहेर कोण आहे हे तिला त्या क्षणी कळलं. न कळायला ती काही काल गावात आली नव्हती. पण अडसर सोडून मागे फिरायचं म्हणजे त्या गार घरात पुन्हा एकटीने बसायचं. तिने अडसर काढला.

दारात तोकुजी उभा होता. तोच चेहरा, तीच कपाळावरची खूण, अंगावर तोच निळा अंगरखा. मात्र हात स्वच्छ होते. कोळशाने काळी झालेली तोकुजीची नखं तिने जन्मात कधी उजळ पाहिली नव्हती. तिने त्या हातांवरून नजर काढून घेतली आणि त्याला आत घेतलं. तो चुलीपाशी बसला आणि त्याने भाताचं भांडं चाटूनपुसून रिकामं केलं.

दुसऱ्या दिवशी शेजारची विणकरीण धावत आली. ही बाई गावाची खबर ठेवणारी, तोंडाने तिखट पण मनाने चोख. तोकुजीला चुलीपाशी मांडी घालून बसलेला पाहून तिला आनंद झाला, आणि लगेच शंकाही आली. तिने म्हातारीला अंगणात ओढून नेलं.

"मावशी, खरं सांगा. त्याने दुसरी हाक मारली होती?"

"मारली," म्हातारी म्हणाली. "मी माझ्या कानांनी ऐकली."

आईचा शब्द. त्यावर आणखी काय विचारायचं? विणकरणीने गावात सांगितलं, मुखियाने देवापुढे धूप जाळला, आणि त्याच संध्याकाळी खिंडीच्या तोंडाशी असलेला जाळ विझवला गेला. म्हातारीला दारातून तो धूर विरताना दिसला. आपल्या एका शब्दाने काय विझलं हे तिला समजत होतं. पण तिने मनाची समजूत घातली, की गेलेला काही येत नाही, उगाच लोकांचं सरपण का जाळा.

आता घरात सुख नांदू लागलं. हा तोकुजी कधी ओरडत नसे. म्हातारी अनवाणी फिरो, चुलीत ओलं लाकूड घालो, तो हसायचा. तिच्या पाठीला तेल चोळायचा, गावातल्या लोकांच्या नकला करून दाखवायचा, आणि नकला तर काय, त्याच्या घराण्यातच होत्या. काम मात्र काडीचं करत नसे. गावातलं कुत्रं भुंकलं की माळ्यावर चढून बसायचा. मासा खाताना काटाही मागे ठेवत नसे. म्हातारी हे सगळं बघायची आणि बघितलं नाही असं करायची. पुढे पुढे तर तिला वाटू लागलं, की असाच मुलगा आपल्याला हवा होता. खऱ्याची आठवण आली की सोबत त्याचा ओरडाही आठवायचा, मग ती आठवण बाजूला सारणं सोपं जायचं.

हिवाळा ऐन भरात आला. एके दुपारी असं वादळ सुटलं, की अंगणातलं झाड दिसेना. म्हातारीने चुलीवर मुळ्याचं कालवण ठेवलं होतं आणि तो वाडगा पुढे धरून वाट बघत होता. तेवढ्यात दारावर काहीतरी आपटलं. थाप मारल्यासारखं नाही, कोणी अंग टेकल्यासारखं. आणि हाक आली.

"आई."

घोगरी, फाटलेली, अर्धी वाऱ्यानेच नेलेली हाक. चुलीपाशी बसलेल्याच्या हातातला वाडगा खाली आला. त्याची मान दाराकडे वळली, नाक थरथरलं, मानेवरचे केस उभे राहिले. जनावराच्या नाकाला बाहेर कोण आहे ते लगेच कळलं होतं. आणि त्याला कळलं आहे, हे म्हातारीला कळलं.

तिने हळूच विचारलं, "कोण आहे रे बाहेर?"

तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुमच्या गावची रीत आहे ना, आई. दुसरी हाक येऊ दे."

म्हातारी दाराशी गेली आणि थांबली. दाराच्या खालच्या बाजूला नखांनी ओरबाडल्याचा आवाज आला. बाहेर तोकुजी असेल तर? मग या चुलीपाशी बसलेल्याला जावं लागेल. गावाला आपलं खोटं कळेल. विणकरीण काय म्हणेल, मुखिया काय म्हणेल. आणि बाहेरही तानुकीच असला तर दोघांच्या भांडणात हातचा हाही जायचा. तिने कान दाराला लावला. दुसरी हाक नव्हती. रीत तिच्या बाजूने होती. ज्या रीतीला तिने स्वतः लाथ मारली होती, तीच आता तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली.

ती मागे फिरली आणि तिने कालवण वाढलं. त्याने खाल्लं. तिला घास उतरला नाही. दारावरचा आवाज थोडा वेळ आला आणि मग वाऱ्याशिवाय काही ऐकू येईना.

सकाळी वादळ ओसरलं होतं. विणकरीण फावड्याने वाट मोकळी करत म्हातारीच्या दारापर्यंत आली आणि तिथेच मटकन खाली बसली. दाराला टेकून तोकुजी बसला होता. एका पायाला फळ्या बांधलेल्या, दाढी बर्फाने ओठांना चिकटून गोठलेली. त्या ओठांतून एक हाक कशी निघाली, हेच आश्चर्य होतं. त्याच्या पावलांचे अर्धवट बुजलेले खळगे गावाभोवती भलतीकडेच फिरून आले होते. खिंडीतून उतरल्यावर गाव कुठे आहे ते त्याला दिसलंच नव्हतं.

आत चुलीपाशी उष्टा वाडगा पडला होता आणि मागचं दार उघडं होतं.

गाव जमा झालं. पुरुषांनी काठ्या घेतल्या, कोणी कोयता घेतला. त्या जनावराने आईला फसवून लेकराचा जीव घेतला, त्याला आज सोडायचं नाही, असं सगळे बोलू लागले. म्हातारी मुलाचं डोकं मांडीवर घेऊन त्याच्या दाढीतलं बर्फ बोटांनी काढत होती. तिची मान वर झाली.

"त्याला मारू नका. त्याने मला फसवलं नाही. पहिल्याच दिवशी मला माहीत होतं."

काठ्या खाली आल्या. विणकरीण पुढे आली.

"मग मी विचारलं तेव्हा हो का म्हणालात, मावशी?"

म्हातारी पुन्हा मुलाच्या दाढीतलं बर्फ काढू लागली. गावकऱ्यांनी तोकुजीला उचललं, जे करायचं ते केलं आणि तिला एक शब्दही न बोलता सगळे आपापल्या घरी गेले. त्यांनी तिला शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. त्यानंतर तिच्या घरी कोणी आलं नाही, तानुकीसुद्धा नाही.

बर्फ वितळलं, खिंड मोकळी झाली, तेव्हा पलीकडच्या वाडीतला एक लाकूडतोड्या तोकुजीची खुशाली विचारायला आला. दरडीखालून त्यानेच त्याला बाहेर काढलं होतं आणि आपल्या झोपडीत ठेवलं होतं. विणकरणीने त्याला काय झालं ते सांगितलं आणि म्हातारीच्या दारापर्यंत आणून सोडलं. त्याने टोपी काढून हातात धरली.

"मी त्याला पुष्कळ सांगितलं, आजी, की पाय धड नाही, वसंत येऊ दे, मग जा," तो म्हणाला. "पण तो ऐकेना. म्हणायचा, तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही. ती या थंडीत दार उघडं टाकून माझी वाट बघत बसली असेल."

तात्पर्य: मनाला गोड वाटणारं खोटं आपण जाणूनबुजून घरात घेतलं, की पुढे खरं दाराशी येऊन मरत असलं तरी आपला हात अडसराकडे जात नाही; आणि तेव्हा दोष द्यायला फसवणारा कोणी उरत नाही.