डुलकीत उसवलेले घरटे

एका जंगलाच्या टोकाला, ओढ्यावर वाकलेल्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. मुलांनो, नावावरून फसू नका बरे. या पक्ष्यांत घरटे विणण्याचे काम नराचे आणि ते तपासण्याचे काम मादीचे. घरटे अर्धे विणून झाले की मादी येते, चोचीने गाठ ओढून पाहते, आत डोके घालते. पसंत पडले तर संसार मांडते, नाही तर मुकाट्याने पुढच्या घरट्याकडे जाते. मग बिचाऱ्या नराने पुन्हा पहिल्या पात्यापासून सुरुवात करायची.

या वस्तीत एक पक्षी विणकामात चांगला तरबेज होता, पण त्याचा एक डोळा सदा शेजारच्या फांदीवर असे. शेजाऱ्याने गवताचे पाते आणले की याला वाटे, एवढे लांब पाते यालाच बरे सापडते. शेजारी गाऊ लागला की याच्या पोटात दुखे. शेजाऱ्याची छातीसुद्धा याला आपल्यापेक्षा अधिक पिवळी दिसे. खरे तर दोघे सारखेच पिवळे होते, पण मत्सराला कोण समजावणार?

हंगाम संपत आला होता. याची तीन घरटी नापसंत झाली होती आणि हे चौथे. पाचवे विणायला आता ओले गवत कुठेच उरले नव्हते. अशात एके सकाळी एक मादी आली. तिने आधी शेजाऱ्याच्या घरट्याची गाठ ओढून पाहिली, मग याच्या. "दुपार कलली की येते आणि काय ते सांगते," असे म्हणून ती उडून गेली.

याने मात्र एकच गोष्ट पाहिली होती. शेजाऱ्याच्या घरट्याशी ती जास्त वेळ थांबली होती. "मी हा असा नसतो, तो असतो, तर किती बरं झालं असतं," असे घोकत तो आपल्या घरट्यालगतच फांदीवर बसून राहिला. उन्हाने डोळे जड झाले आणि त्याला डुलकी लागली.

स्वप्नात तो खरोखरच शेजारी झाला. छाती पिवळीधमक, गळा गोड, घरटेही शेजाऱ्याचेच. क्षणभर त्याला धन्य वाटले. मग सवयीने त्याची नजर पलीकडच्या फांदीवर गेली. तिथे एक घरटे झुलत होते. काय त्याची वीण, काय ती गोल कमान! त्यापुढे आपले घरटे त्याला अगदी बेढब वाटू लागले. पोटात तीच जुनी कळ उठली. "ती मादी याचंच घरटं निवडणार," तो पुटपुटला आणि चोच पुढे करून त्या घरट्याच्या गाठीचे एकेक पाते ओढू लागला.

पाण्यात काहीतरी पडल्याच्या आवाजाने त्याला जाग आली. चोचीत गवताचे पाते होते. खाली ओढ्यातून एक घरटे वाहत चालले होते आणि ते त्याचे स्वतःचे होते.

काठावर एक म्हातारे कासव ऊन खात पडले होते. पक्षी रडवेला होऊन म्हणाला, "कासवआजोबा, स्वप्नात मी शेजारी झालो होतो. मग माझं घरटं तोडलं कुणी, त्यानं की मी?"

"स्वप्नात काय काय बदललं होतं?" कासवाने विचारले.

"पिसं बदलली, गळा बदलला, घर बदललं."

"आणि पोटातली कळ?"

पक्ष्याने मान खाली घातली. "ती तीच होती."

"मग तूच होतास, लेका," कासव म्हणाले.

इतक्यात मादी आली. रिकाम्या फांदीकडे ती बघतच राहिली. "अरेरे, मी तर तुझंच घरटं घ्यायचं ठरवून आले होते," ती म्हणाली.

"पण तू शेजाऱ्याकडे जास्त वेळ थांबली होतीस ना?"

"त्याची गाठ सैल लागत होती, म्हणून पुन्हा पुन्हा ओढून बघत होते. तुझी एकदाच ओढली आणि खात्री पटली." ती थोडा वेळ घुटमळली. मग शेजाऱ्याच्या फांदीवर जाऊन म्हणाली, "एवढी गाठ घट्ट करून दे. मी इथेच राहते."

शेजारी आनंदाने गाऊ लागला. पक्षी चोचीतले ते एक पाते धरून ऐकत राहिला, कारण या खेपेला हेवा करण्यासारखे सारे काही त्यानेच शेजाऱ्याला दिले होते.

तात्पर्य : दुसऱ्याच्या जागी जाऊन बसले तरी मत्सर आपल्याबरोबरच येतो आणि तिथून तो आपलेच घर उसवतो.