येसू कासारणीची दुपार

बरोबर दुपारचे बारा वाजले होते, तेव्हा हे सगळं सुरू झालं. फार वर्षांपूर्वी बोरवहाळात घड्याळ कुठलं, मग बारा कसे कळले, असं पोरं हमखास विचारतात. तर माणसाची सावली त्याच्याच पायाखाली शिरली होती, म्हणून बारा. त्या वेळी गावाबाहेरच्या करंजाखाली येसू कासारीण बांगड्यांची टोपली उतरवून बसली होती.

येसू घरोघर जाऊन बायकांना बांगड्या भरायची. हात दाबून दाबून असा मऊ करायची, की बांगडी न तडकता मनगटावर जायची. दाम मात्र आधी ठरवायची. बाईनं हात पुढं केला की येसूचा पहिला शब्द, “काय देशील?” बांगड्या भरून झाल्या की बाई कासारणीला वाकून नमस्कार करते, ही तर रीतच आहे.

पण भर बाराला कोण बांगड्या भरायला बसतंय? त्या दिवशी वेळ जाईना म्हणून येसूनं बांधावरच्या मेंदीचा पाला दगडावर वाटला. शेरडं राखणाऱ्या एका पोरीचा हात ओढून घेतला आणि काडीनं त्यावर काहीबाही काढत बसली. काय काढायचं ते तिचं तिलाही माहीत नव्हतं. बघता बघता पोपट झाला. पोरगी खुदकन हसली, तर येसूनं त्या पोरीच्या हातालाच नमस्कार केला. कासारीण नमस्कार घेते, करत नाही. तिनं का केला, कुणाला ठाऊक.

असं म्हणतात, मेंदी वाळून झडली तेव्हा तळहातावरचा पोपट मान वळवून बघत होता.

मग रोज बाराला करंजाखाली पोरीबाळी जमायला लागल्या. कुणी काही द्यायचं नाही, कुणी काही सांगायचं नाही, येईल ते येईल. एकीच्या हातावर वेल काढली तर सकाळी तिला फूल आलेलं. एक पोर लांब सासरी चालली होती, तिच्या हातावर माहेरची गल्ली उमटली. ती हात कानाशी नेऊन आईची हाक ऐकायची, असं म्हणतात. ऊन कललं की येसू टोपली उचलायची आणि पुन्हा “काय देशील?” सुरू.

पुढं गावात साथ आली, त्यात येसूचा नवरा गेला. घरात सासू आणि पोटची चिमा, एवढीच. बांगड्या खपेनात, कारण साथीच्या वर्षी कोण हात भरतंय? चिमाच्या फासळ्या दिसायला लागल्या. आईला लेकराची फासळी दिसली की दुसरं काही दिसत नाही.

तशात पाटलीणबाईंनी बोलावणं धाडलं. त्यांच्या अंबूचं लग्न होतं.

“येसू, अंबूच्या हातावर मोर काढ. पिसारा पार कोपरापर्यंत गेला पाहिजे. जोंधळ्याचं पोतं घरी पोचतं करते.”



“मेंदीचं मी काही घेत नाही, पाटलीणबाई.”

“मग लेकराला काय पाला खायला घालतेस?”

घरी सासूनं तेच ऐकवलं. “देवानं हातात दिलंय ते विकायला लाज कसली? बांगड्या विकतेस तेव्हा नाही वाटत ती?”

सासूचं काही खोटं नव्हतं. म्हणून ती गेली आणि मोर काढला. मेंदी अशी रंगली, की पाहुणे बघत राहिले. काही बिघडलं नाही. पोतं घरी आलं, चिमाला भाकरी मिळाली, तिच्या गालांवर रंग आला. फक्त मोर हलला नाही. आणि अंबूच्या हाताला नमस्कार करायचा राहून गेला, हे येसूला अर्ध्या वाटेवर आठवलं.

मग आसपासच्या गावांतून बोलावणी आली. कुणाला मोर, कुणाला कमळ, कुणाला ‘शेजारणीच्या लेकीसारखंच, पण जास्त’. बाराची वेळही त्यातच जायला लागली. करंजाखाली पोरी वाट बघून उठून जायच्या.

एके दिवशी येसू दमून ओट्यावर बसली होती. ऊन डोक्यावर होतं. चिमा आली आणि तळहात पुढं केला.

“आई, माझ्या हातावर काढ ना.”

येसूच्या तोंडून निघून गेलं, “काय देशील?”

चिमानं दुसरी मूठ उघडली. त्यात फुटक्या बांगडीचा तुकडा होता. “हे चालंल?”

असं म्हणतात, त्या घटकेला गावातल्या सगळ्या हातांवरची मेंदी एकदम फिकी झाली. कुणी म्हणतात, तसं काही नाही, येसूच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून तिलाच तसं दिसलं. खरं काय, मला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाराला येसू करंजाखाली दिसायला लागली. पाटलीणबाई चिडल्या, त्यांनी आपल्या वाड्यात बांगड्या भरायलाही तिला येऊ दिलं नाही. येसूनं घाटापलीकडची गावं धरली. पहाटे निघायची, बाराला परत यायची, ऊन कललं की पुन्हा जायची. पाय फुटले. भाकरी कधी अर्धी मिळाली, कधी सबंध. सासू म्हणायची, “कळत नाही बाई तुझं.” येसू म्हणायची, “मला तरी कुठं कळतंय, आत्याबाई?”

मग अंबू माहेरपणाला आली आणि एका दुपारी पोरींच्या रांगेत मुकाट बसली. तिच्या हातावर मोर आला नाही. एक साधं शेरडाचं करडू आलं. येसूनं वाकून नमस्कार केला आणि करडू उडी मारून अंबूच्या मनगटावर गेलं. मग तिनंच आईला सांगून येसूची टोपली पुन्हा वाड्यात नेली.

येसू म्हातारी झाली. एका बाराला तिनं स्वतःच्याच तळहातावर वाट काढली आणि त्या वाटेनं चालत गेली, असं म्हणतात. करंजाखाली टोपली तेवढी राहिली. तिथंच मेंदीचं झुडूप उगवलं.

अजूनही नागपंचमीच्या आदल्या दिवशी बोरवहाळात बाराला बांगड्यांची दुकानं बंद होतात. लग्नाकार्यात पैसे घेऊन मेंदी काढणाऱ्या बायासुद्धा त्या झुडपापाशी येतात. समोर येईल त्या हातावर येईल ते काढतात. घेत काही नाहीत, आणि शेवटी त्या हाताला नमस्कार करतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा आपापल्या कामाला. पैसे घेणं वाईट, असं येसू कधी म्हणालीच नव्हती.

तुमच्या ओळखीत कुणी असेल, जिचा हात चांगला चालतो आणि जिला घरचे म्हणतात की हे विक, तर तिला येसूचं एवढं सांगा. विकू नको असं सांगू नका, तिच्याही घरी लेकरू असेल. फक्त बाराची वेळ सांगा. आणि तिनं कुणाला तरी सांगावं, असंही सांगा.